मुदतीचं भांडवल, हंगामाची माणसं

अक्कलकुव्याहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता गुजरातच्या हद्दीत शिरण्याआधी खापर गावातून जातो. एका अंगाला सातपुडा, पुढे सागबारा-डेडियापाड्याचा मुलूख, आणि आजूबाजूच्या पाड्यांना बाजारहाटासाठी, औषधपाण्यासाठी, खत-बियाण्यासाठी याच गावाचा आधार. अशा भागात आता छोट्या कर्जासाठी कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागत नाही. फायनान्सवाले स्वतः पाड्यावर येतात, बायकांचा गट बांधतात, आधार कार्ड आणि फोटो घेतात आणि थोड्याच दिवसांत पैसे खात्यावर जमा होतात. हप्ता घ्यायला येणारा मुलगा बहुधा जवळपासच्याच तालुक्यातला असतो. पण त्याच्या कंपनीचे मालक शोधत वर गेलं, तर मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुल लागतं, तिथून मॉरिशस किंवा सिंगापूर लागतं आणि त्याही पलीकडे परदेशातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा एखादा पेन्शन फंड लागू शकतो.

या मालकांना प्रायव्हेट इक्विटी कंपन्या म्हणतात. गेल्या वीस वर्षांत भारतातल्या बँका, छोट्या कर्जाच्या कंपन्या, घरकर्ज कंपन्या आणि पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्या यांत त्यांनी प्रचंड पैसा घातला. त्याबद्दलचा आपल्याकडचा वाद बहुतेक वेळा व्याजदराभोवती फिरतो. व्याज जास्त आहेच. पण मला त्याहून मोठी अडचण मुदतीची वाटते. हा पैसा ठरलेल्या वर्षांसाठी येतो, ठरलेल्या वेगाने वाढावा लागतो आणि ठरलेल्या वेळी बाहेर पडतो. खापरच्या आसपासची माणसं मात्र हंगामावर जगतात. या दोन वेळापत्रकांची गाठ पडते तिथे काय होतं, ते नीट पाहायला हवं.

आधी या पैशाची रचना. प्रायव्हेट इक्विटी कंपनी स्वतःचा पैसा थोडाच घालते. पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी, सिंगापूरच्या जीआयसीसारख्या सरकारी संस्था आणि श्रीमंत घराणी यांच्याकडून पैसा गोळा करून ती साधारण दहा वर्षांचा निधी उभा करते. पहिल्या चार-पाच वर्षांत कंपन्या निवडून त्यांत भाग घ्यायचे, पुढच्या वर्षांत ते विकून मुद्दल नफ्यासह परत करायचं. निधी सांभाळणाऱ्यांना वर्षाला दोनेक टक्के शुल्क आणि ठरलेल्या परताव्यापुढच्या नफ्यात वीस टक्के वाटा, ही जगभरची रूढ रीत आहे. त्यामुळे एखाद्या कंपनीत पैसा घालतानाच चार ते सात वर्षांनी बाहेर पडायचा हिशोब मांडलेला असतो. बाहेर पडायचे रस्ते तीन: शेअर बाजारात नोंदणी, एखाद्या मोठ्या बँकेला किंवा उद्योगसमूहाला विक्री, नाही तर दुसऱ्या तशाच निधीला विक्री.

परदेशी निधीच्या हिशोबात रुपयाची घसरणही धरावी लागते. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता. २०२४ संपताना पंच्याऐंशीच्या. डॉलरमध्ये पंधरा टक्के परतावा द्यायचा तर रुपयात वीस टक्क्यांच्या घरात कमवावे लागतात. हा आकडा मुंबईतल्या बैठकीत ठरतो आणि पायरीपायरीने उतरत शाखेच्या उद्दिष्टापर्यंत येतो.

आणि हा पैसा कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडेच का वळतो? कारण तिथे भांडवल हाच कच्चा माल आहे. छोट्या कर्जाच्या कंपनीला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या किमान १५ टक्के भांडवल ठेवावं लागतं. शंभर कोटी भांडवल असेल तर पाच-सहाशे कोटींपर्यंत कर्जं वाटता येतात, त्यापुढे नाही. कंपनीचा नफा भांडवलावर पंधरा टक्के आणि कर्जवाढ चाळीस टक्के असेल, तर दर दोन-तीन वर्षांनी नवं भांडवल आणावंच लागतं. आणि नवा भागधारक किती भाव देईल, हे पुष्कळसं गेल्या वर्षाच्या वाढीवर ठरतं. वाढ दाखवायची तर नवे जिल्हे, नवे पाडे गाठायला हवेत. महाराष्ट्राच्या अगदी टोकाच्या तालुक्यांपर्यंत फायनान्सवाले पोचले त्यात या गणिताचा मोठा हात आहे.

सहकारी संस्थेला हा मार्ग बंद आहे. तिथे एका सभासदाला एक मत, मग त्याचे भाग कितीही असोत. बाहेरचा गुंतवणूकदार अशा ठिकाणी येत नाही. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घडवलेल्या महाराष्ट्रात, गावोगावी सोसायट्या असलेल्या महाराष्ट्रात, या एका गोष्टीने कर्जाचा सगळा नकाशा बदलला. त्यात सहकारातल्याच लोकांनी विश्वास गमावला. खानदेशात भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत अडकलेल्या ठेवी आठवणारी घरं आजही पुष्कळ आहेत.

बाहेरच्या भांडवलाने एखाद्या संस्थेचं काय होतं, याचं सगळ्यात बोलकं मराठी उदाहरण दक्षिणेकडे सापडतं. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात चार जुन्या खासगी बँका होत्या: सांगली बँक १९१६ ची, कुरुंदवाडची गणेश बँक १९२० ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची आणि कोल्हापूरची रत्नाकर बँक १९४३ ची. पहिल्या तिन्ही २००६-०७ च्या दीड-दोन वर्षांत संपल्या. गणेश बँक फेडरल बँकेत गेली, युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये, सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. या बँकांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे ठेवीदार होते, व्यापाऱ्यांचा विश्वास होता, फक्त नवं भांडवल उभं करण्याची ताकद नव्हती.

रत्नाकर बँक वाचली. २०१० मध्ये बँक ऑफ अमेरिकेचे भारतातले माजी प्रमुख विश्ववीर आहुजा तिथे आले आणि त्यांच्या पाठोपाठ नॉर्वेस्ट, गजा कॅपिटल, समारा यांसारखे निधी आले. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली छोटी बँक काही वर्षांत देशभर पसरली. २०१४ मध्ये तिचं नाव आरबीएल झालं, २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती शेअर बाजारात आली. मग स्वाधार फिनसर्व्ह ही मुंबईची सूक्ष्म कर्ज देणारी संस्था तिने आपल्याकडे घेतली आणि खेड्यांतल्या महिला गटांना कर्जं देणं हा तिच्या व्यवसायाचा मोठा भाग झाला. क्रेडिट कार्डं आणि गटकर्जं या दोन विनातारण प्रकारांवर बँक वेगाने वाढली, आणि पुढे दुखणंही तिथूनच सुरू झालं. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळावर आपला अधिकारी नेमला, आहुजा रजेवर गेले, शेअर कोसळला. बँक त्यातून सावरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने सुमारे २६,८५० कोटी रुपये घालून तिचा ६० टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. तिचं नोंदणीकृत कार्यालय आजही कोल्हापूरच्या शाहूपुरीत आहे.

या गोष्टीकडे मी निव्वळ तक्रारीच्या नजरेने पाहू शकत नाही. बाहेरचा पैसा आला नसता तर चौथं नावही पुसलं गेलं असतं. पण याच गोष्टीत त्या पैशाचा स्वभावही दिसतो. जिथे वाढ पटकन होते तिकडे तो संस्थेला ओढतो, आणि सगळ्यात पटकन वाढतं ते विनातारण छोटं कर्ज.

विनातारण छोट्या कर्जाचा धडा तर देशाला आधीच मिळाला होता. हैदराबादची एसकेएस मायक्रोफायनान्स ही विक्रम अकुला यांनी ना-नफा संस्था म्हणून सुरू केली होती. ती कंपनी झाली, सिकोयासारखे गुंतवणूकदार आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तिच्या शेअरची वाजतगाजत नोंदणी झाली. दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, आंध्र सरकारने अध्यादेश काढला. एकाच बाईला चार-पाच कंपन्यांची कर्जं, वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या, यातून तो आला होता. आंध्रातली वसुली जवळपास थांबली. त्याआधी २००७ मध्ये मेक्सिकोची कॉम्पार्टामोस बँक अशीच बाजारात आली तेव्हा ग्रामीण बँकेचे मुहम्मद युनूस यांनी जाहीर विरोध केला होता. गरिबांच्या कर्जातून असा नफा काढणं त्यांना मान्य नव्हतं. आंध्रनंतर रिझर्व्ह बँकेने वाय. एच. मालेगाम यांची समिती नेमली, जानेवारी २०११ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून सूक्ष्म कर्ज कंपन्यांचा वेगळा वर्ग, व्याजाला मर्यादा, कर्जदारांची सामाईक नोंद या गोष्टी आल्या. एसकेएसचं नाव पुढे भारत फायनान्शियल इन्क्लुजन झालं आणि २०१९ मध्ये ती इंडसइंड बँकेत विलीन झाली.

आंध्र बंद झाल्यावर पैसा इतर राज्यांकडे वळला, महाराष्ट्राकडेही. नोटाबंदीनंतर विदर्भात गटकर्जांची थकबाकी वाढली, माफीच्या मागण्या झाल्या, कंपन्यांनी काही काळ हात आखडला आणि पुन्हा सैल सोडला. आज मुंबई-पुण्यात या व्यवसायाची मोठी केंद्रं आहेत. अनन्या बिर्ला यांची स्वतंत्र मायक्रोफिन ही मुंबईची कंपनी. तिने २०२३ मध्ये चैतन्य इंडिया १,४७९ कोटींना विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी अॅडव्हेंट आणि रेणुका रामनाथ यांची मल्टिपल्स या दोन निधींनी तिच्यात मिळून १,९३० कोटी घालण्याचं ठरवलं. नवी मुंबईची सूर्योदय ही सूक्ष्म कर्ज संस्था २०१७ मध्ये लघुवित्त बँक झाली. ब्लॅकस्टोन या निधीने २०१९ मध्ये आधार हाउसिंग फायनान्स घेतली आणि २०२४ मध्ये बाजारात आणली.

पुण्याचं उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात मुदतीचा प्रश्न उघड दिसतो. २०२१ मध्ये अदर पूनावाला यांच्या रायझिंग सन होल्डिंग्जने सुमारे ३,२०० कोटी रुपये घालून कोलकात्याच्या मॅग्मा फिनकॉर्पचा ताबा घेतला. कंपनी पूनावाला फिनकॉर्प झाली. तिची घरकर्ज कंपनी लगेच पुढच्या वर्षी टीपीजी या अमेरिकी निधीला ३,९०० कोटींना विकायचं ठरलं, २०२३ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि नाव पडलं गृहम हाउसिंग फायनान्स. घरकर्ज पंधरा-वीस वर्षांचं असतं. एखाद्या मिस्त्रीने मॅग्माकडून कर्ज घेतलं असेल, तर तीन वर्षांच्या आत त्याच कर्जावर तीन कंपन्यांची नावं लागली. यात बेकायदेशीर काही नाही, कदाचित सेवाही सुधारली असेल. पण कर्जदाराची बांधिलकी वीस वर्षांची आणि मालकाची दोन वर्षांची, ही तफावत मला खटकते.

तंत्रज्ञानाच्या बाजूला खापरच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव देशाच्या इतिहासात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या तेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढच्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या वित्त-तंत्रज्ञान कंपन्यांच्या खाली तो पाया आहे. अंगठ्याच्या ठशावर खातं उघडतं, गावातल्या दुकानात पैसे निघतात, कर्जाची कागदपत्रं काही मिनिटांत पुरी होतात. २००६ मध्ये सुरू झालेली नवी मुंबईची फिनो ही या कामातली जुनी कंपनी. तिच्यात आयएफसी, इंटेल आणि ब्लॅकस्टोन यांनी पैसा घातला, २०१७ मध्ये तिची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. एटीएममध्ये नोटा भरणारी मुंबईची सीएमएस इन्फो सिस्टिम्सही बेअरिंग या आशियाई निधीच्या मालकीची होती आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली.

या बाजूने झालेलं भलं मी मनापासून मानतो. डोंगरातल्या माणसाला पेन्शनचे किंवा मजुरीचे पैसे काढायला अक्कलकुव्याला जाऊन दिवस मोडावा लागत होता. आज किराणा दुकानातल्या छोट्या यंत्रावर ते काम होतं. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून खात्यात येऊ लागले तेव्हा या यंत्रांचा उपयोग सगळ्यांनाच दिसला. अडचणीही आहेत. कोयता धरणाऱ्या आणि विटा वाहणाऱ्या हातांचे ठसे झिजतात, यंत्र ते ओळखत नाही, आणि रेंज गेली की दुकानासमोर ताटकळणं आलं. तरी ही व्यवस्था बंद व्हावी असं कुणी म्हणणार नाही.

बुडालेली बँक सावरायलाही हाच पैसा पुढे आला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. शेवटी सेंट्रम आणि भारतपे यांनी मिळून युनिटी लघुवित्त बँक उभी केली आणि जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी तिच्यात विलीन झाली. दुकानदारांना क्यूआर कोड देणारी, बाहेरच्या गुंतवणुकीवर वाढलेली कंपनी सहकारी बँकेच्या ठेवीदारांना तारायला आली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी आधी मिळाल्या. त्यापुढच्यांना टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत थांबावं लागणार आहे.

आता पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याशी येऊ. इथल्या कर्जाचा प्रश्न जमिनीपासून सुरू होतो. शहादा-तळोदा पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला, आणि आदिवासींच्या जमिनी परत देणारा राज्याचा कायदा १९७४-७५ मध्ये आला. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर जात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारशाने जाते, विकता येत नाही. ही सगळी संरक्षणं रक्ताच्या किमतीची आहेत आणि ती टिकलीच पाहिजेत. पण त्यामुळे तारण मागणारी कंपनी इथे फारशी येत नाही. येतं ते विनातारण गटकर्ज, गाडीवरचं कर्ज किंवा सोन्यावरचं कर्ज. देशातलं महागडं कर्ज देशातल्या सगळ्यात गरीब तालुक्यांत जास्त का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं खर्चात आहे: डोंगरातल्या पाड्यावर दर आठवड्याला माणूस पाठवायचा खर्च छोट्या कर्जावर मोठा पडतो.

दुसरी गोष्ट मिळकतीची. अक्कलकुवा, तळोदा, अक्राणी भागातली असंख्य कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या साखर कारखान्यांवरच्या खानदेशी तोडकऱ्यांवर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७० च्या दशकापासून लिहिलं आहे, इतकं हे जुनं आहे. निघण्याआधी मुकादम उचल देतो. ती हंगामभर फिटत राहते. शेवटचा हिशोब परतताना होतो. होळीला मात्र माणूस घरी यायलाच हवा, काठीच्या राजवाडी होळीला तर सगळा परिसर लोटतो. मग पावसाळा येतो, हातात काही नसतं. या उपासाच्या महिन्यांसाठी सरकारने १९७८ पासून खावटी कर्ज दिलं होतं, आणि २०२० च्या करोनाकाळात खावटी अनुदान म्हणून कुटुंबामागे ४,००० रुपयांची मदत जाहीर केली. म्हणजे वर्षातून दोनदा पैसा येतो: उचल घेताना आणि हिशोब होताना.

आता यावर गटकर्ज ठेवून पाहा. पन्नास हजार रुपये, २४ टक्के व्याज, दोन वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण २,६४४ रुपये, दोन वर्षांत एकूण फेड ६३,४०० रुपयांच्या पुढे. ‘लाडकी बहीण’चे सगळे १५०० भरले तरी हजारावर रुपये दरमहा उभे करायचे. हिवाळ्यात कर्जदार बाई बारडोलीच्या फडावर असते आणि हप्ता पाड्यावर भरायचा असतो. ती भरू शकली नाही तर गटातल्या बायकांना भरावा लागतो. मग ती मुकादमाकडून जास्त उचल घेते, किंवा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज घेते. इथे व्याजदर कमी केला तर मदत होईल, पण २४ चे १८ टक्के केले तरी हप्ता २,५०० च्या घरातच राहतो. जानेवारीत तिच्या हातात अडीच हजारही नसतात.

व्याजाबद्दलही कायद्यात एक विसंगती आहे. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि बिगर शेतकऱ्याकडून १८ टक्के घेता येतात. याच गावात रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी २४-२५ टक्के घेऊ शकते. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी निकाल दिला की रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. एकाच कंपनीवर दोन नियामक नकोत, हे तत्त्व मला पटतं. मग रिझर्व्ह बँकेची जबाबदारी तेवढी वाढते.

एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्याजावरची मर्यादा काढली आणि त्याऐवजी कर्जदाराच्या बाजूचे नियम घातले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाचं कर्ज ते सूक्ष्म कर्ज, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत, तारण नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा नाही, कर्जदाराला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक. वसावे, पावरा, तडवी घरांत मराठी ही शाळेत शिकलेली भाषा आहे, हे लक्षात घेतलं तर शेवटच्या नियमाचं वजन कळतं. तिथे कर्जाची अट कुणीतरी तोंडी, त्यांच्या बोलीत सांगितली पाहिजे.

व्याज मोकळं झाल्यावर कंपन्यांनी दर वाढवले, वाढीचा वेग धरला, आणि २०२४ मध्ये थकबाकी फुटली. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने जादा व्याज आणि कर्जवाटपातल्या त्रुटींवरून आशीर्वाद, आरोहण, डीएमआय आणि नावी या चार कंपन्यांचं नवं कर्जवाटप थांबवलं. सुधारणा झाल्यावर काही आठवड्यांत ते उठवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने वसुलीच्या जबरदस्तीविरुद्ध अध्यादेश आणला. केदारा या निधीच्या ताब्यातली स्पंदना आणि वॉरबर्ग पिंकसचा मोठा वाटा असलेली फ्यूजन, या दोघींनी २०२४-२५ मध्ये प्रत्येकी हजार कोटींहून अधिक तोटा नोंदवला. कंपन्यांच्या संघटनेने एका कर्जदाराला जास्तीत जास्त तीन कंपन्या, ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून घातली. आंध्रला पंधरा वर्षं होत आली होती. माणसं बदलली, राज्यं बदलली, पण निधीच्या मुदतीची रचना तीच राहिली, म्हणून फेराही तोच आला असं मला वाटतं.

मग हे भांडवल नकोच का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खापरच्या बाईला त्याचा उपयोग नाही. कंपन्या गेल्या तर ती पुन्हा मुकादमाकडे आणि विनापरवाना सावकाराकडे जाईल. मला उत्तर एका जुन्या गोष्टीत दिसतं. सोसायटीच्या पीककर्जात कितीही दोष असले, राजकारणाने ते कितीही पोखरलेलं असलं, तरी ते पेरणीला मिळतं आणि पीक हाती आल्यावर फेडायचं असतं. सहकाराला शेतकऱ्याचं वर्ष कळलं होतं. नव्या कंपन्यांकडे हिशोबाची शिस्त आहे, तंत्रज्ञान आहे, भांडवल आहे. हंगामाचं भान मात्र त्यांच्या हप्त्यात उतरलेलं नाही.

ते उतरवायला नवा कायदा लागत नाही. २०२२ च्या त्याच नियमांत लिहिलेलं आहे की हप्ता किती काळाने भरायचा याबाबत कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचीकता देणारं धोरण प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर करावं. म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला उचलीच्या वेळी एक मोठा हप्ता, होळीआधीच्या हिशोबाला दुसरा आणि मधल्या महिन्यांत फक्त व्याज, असं कर्ज आजही देता येतं. कंपनीचं व्याज बुडत नाही. अडतं ते दुसरीकडे: गुंतवणूकदाराला दर तिमाहीला वसुलीची टक्केवारी हवी असते, आणि वर्षातून दोनदा फिटणारं कर्ज त्या तक्त्यात वाईट दिसतं. पाच वर्षांनी हिस्सा विकायचा असेल तर असा तक्ता कुणालाच नको असतो.

रिझर्व्ह बँकेने इथेच बोट ठेवावं. तपासणीत प्रत्येक कंपनीला विचारावं की अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा यांसारख्या स्थलांतराच्या तालुक्यांत किती कर्जं हंगामी हप्त्याने दिली, आणि तो आकडा वसुलीच्या टक्केवारीशेजारी जाहीर करायला लावावा. कंपनीचा ताबा बदलताना तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते, ती राष्ट्रीय दैनिकात आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या गावच्या स्थानिक भाषेतल्या दैनिकात. ती शाखेच्या भिंतीवर आणि गटाच्या बैठकीतही वाचून दाखवायला सांगावी. राज्य सरकारने आणि त्याच्या ‘उमेद’ अभियानाने आपल्या बचत गटांच्या कर्जात हंगामी हप्ता आधी करून दाखवावा, म्हणजे कंपन्यांना तो अशक्य म्हणता येणार नाही. आणि आपल्या विमा कंपन्यांचा, पेन्शनचा देशी पैसा, ज्याला डॉलरची धास्ती नाही आणि दहा वर्षांत बाहेर पडायची घाई नाही, तो सावधपणे का होईना या कंपन्यांच्या भागभांडवलात यायला हवा. तो आज फारच थोडा येतो. तो आला तर शाखेला दिलेलं उद्दिष्ट थोडं सैल होईल, आणि नोव्हेंबरात गुजरातेत गेलेल्या बाईकडून डिसेंबरचा हप्ता न मागण्याइतकी मोकळीक शाखाधिकाऱ्याला मिळेल.